जुन्या स्लॅशरपटाचा रीमेक मराठवाड्यात करायचा झाल्यास नेमके काय बदलावे?

गोदाकाठचा प्रेक्षक (धागाकर्ता)

नांदेडमधील आम्ही चार-पाच सिनेमावेडे मित्र गेल्या उन्हाळ्यापासून एका मराठी भयपटाच्या संहितेवर काम करीत आहोत. डोळ्यांसमोर नमुना आहे तो अमेरिकन दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांच्या १९७८ सालच्या 'हॅलोवीन' या स्लॅशरपटाचा, म्हणजे एकेक करून माणसे मारणाऱ्या खुन्याच्या भयपटाचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. सहा वर्षांचा एक मुलगा १९६३ साली आपल्या थोरल्या बहिणीचा सुरीने खून करतो, पंधरा वर्षांनी मनोरुग्णालयातून निसटून गावी परततो आणि हॅलोवीन सणाच्या एकाच रात्रीत शेजारपाजारच्या तरुण मुलामुलींना एकेक करून मारू लागतो. त्यांपैकी एक मुलगी, जी त्या रात्री दुसऱ्यांची मुले सांभाळायला थांबलेली असते, ती अखेरपर्यंत तग धरते. खर्च जेमतेम तीन-सव्वातीन लाख डॉलर आणि चित्रीकरण सुमारे तीन आठवड्यांचे. कथा पानगळीची, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात झाले, म्हणून वाळकी पाने रंगवून रस्त्यावर पसरायची आणि प्रसंग संपला की पोत्यात भरून पुढच्या प्रसंगासाठी न्यायची. मारेकऱ्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला, एका दूरचित्रवाणी मालिकेतील नायकाच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा. त्यावर पांढरा रंग फासला आणि काम भागले. हा हिशेब वाचला की आमच्यासारख्या रिकाम्या खिशांना धीर येतो.

आमच्या बैठकीत रीमेकचा विषय निघाला की पहिली हरकत मोबाइलची येते. हातात फोन असलेली मुलगी पोलिसांना का कळवत नाही, हा प्रश्न आला की सगळे गप्प होतात, आणि मग कोणी तरी बॅटरी संपवतो, कोणी रेंज घालवतो. माझे मत असे बनले आहे की आपण चुकीच्या जागी डोके आपटत आहोत. मूळ चित्रपटात फोन आहेतच, किंबहुना एक मुलगी फोनवर बोलत असतानाच मारली जाते. मला त्यातील सर्वात भयंकर वाटलेला प्रसंग मारेकऱ्याचा नाहीच. जखमी नायिका रस्त्यावर धावत येते, शेजाऱ्याचे दार ठोठावते, ओरडते. आत दिवा लागतो, कोणी तरी पडद्याच्या फटीतून पाहते आणि दिवा पुन्हा मालवला जातो. अवघे काही क्षण. रीमेक करणाऱ्याने शोधायचे ते या मालवलेल्या दिव्याचे आपल्या काळातील, आपल्या मातीतील रूप, असे मला वाटते. जाणकारांनी आपले मत मांडावे.

जुने रीळ

विषय जिव्हाळ्याचा असल्याने जरा सविस्तर लिहितो. माझे वडील उदगीरकडील एका फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होते, त्यामुळे माळेगावच्या यात्रेत तंबूखाली भयपट पाहण्याचा योग मला वयाच्या मानाने फार लवकर आला. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' मी तिथेच पाहिला. आमच्याकडे प्रोजेक्टर एकच असल्याने रीळ संपले की दुसरे चढवेपर्यंत तंबूत मिनिटभर पूर्ण अंधार होई, आणि त्या मिनिटात माणसे पडद्यापेक्षाही जास्त घाबरत. लेकरे आईला बिलगत, गडी उगाच मोठ्याने खाकरत. पडद्यावर राक्षस असताना मात्र तीच माणसे खुशाल हसत होती. भय कशात असते याचा पहिला धडा मला रीळ बदलताना मिळाला.

आता रीमेकविषयी. गस व्हॅन सँट यांनी १९९८ साली हिचकॉक यांचा १९६० चा 'सायको' जवळजवळ जशाच्या तसा, कॅमेऱ्याच्या जागांसह, फक्त रंगीत करून पुन्हा काढला. चौकटी त्याच, संवाद तेच, संगीत तेच, आणि तरी चित्रपट थंडगार पडला. न्हाणीघरातील तो खून १९६० साली का हादरवून गेला, तर ज्या नायिकेच्या मागे प्रेक्षक अर्धा चित्रपट चालत आला तिलाच दिग्दर्शकाने मध्येच मारून टाकले म्हणून. १९९८ च्या प्रेक्षकाला ती मरणार हे ठाऊकच होते. शब्द तेच राहिले, वेळ निघून गेली.

याच्या उलट चूक रॉब झॉम्बी यांनी २००७ च्या 'हॅलोवीन'मध्ये केली. त्यांनी मारेकऱ्याचे बालपण उलगडून दाखवले: घरातील भांडणे, शाळेतील छळ, प्राण्यांना मारणे, सारे काही. मूळ चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मुखवट्यामागच्या मारेकऱ्याचा उल्लेख माणूस म्हणून नसून 'द शेप', म्हणजे नुसता आकार, असा आहे, आणि झॉम्बी यांनी त्या आकाराला गुणपत्रक जोडले. 'ब्लॅक ख्रिसमस'चेही तेच झाले. १९७४ च्या मूळ कॅनडियन चित्रपटात वसतिगृहाच्या माळ्यावर दडलेला माणूस कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. २००६ च्या रीमेकने त्याचे अख्खे घराणे दाखवले. कारण कळले की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, आणि भयपटाला तोच श्वास परवडत नाही.

आपल्याकडच्या एका उदाहरणाकडे मात्र कोणी रीमेक म्हणून पाहत नाही. महेश कोठारे यांचा १९९३ चा 'झपाटलेला' हे १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'चेच मराठी रूप आहे. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना तिकडची. पण बोलक्या बाहुल्यांचा खेळ ही रामदास पाध्ये यांच्यामुळे आपल्या घराघरांत ओळखीची झालेली गोष्ट, आणि त्यात तात्या विंचू इतका चपखल बसला की त्याचे मूळ बाहेरचे आहे हे सांगितल्यावर आजही लोक भांडायला उठतात. खुद्द अमेरिकेत २०१९ साली 'चाइल्ड्स प्ले'चा रीमेक झाला तेव्हा आत्मा काढून टाकून बाहुल्यात बिघडलेली संगणकीय बुद्धी घातली. काळ बदलला म्हणून यंत्र बदलले. पण तो बाहुला लक्षात कोणाच्या राहिला? कोठारे यांनी जे केले त्यात भीती अर्धी गेली आणि विनोद आला, हे मान्य. तरी त्यांना आपला प्रेक्षक कळला होता.

निजामी घड्याळ

धागाकर्त्यांच्या उत्साहावर पाणी ओतण्याचा हेतू नाही, परंतु मालवलेल्या दिव्याचे हे कौतुक मला अंमळ काव्यमय वाटते. मोबाइलची अडचण खरी आहे आणि भले भले दिग्दर्शक तिच्यापुढे पळाले आहेत. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर'चा २००३ चा रीमेक घ्या. तो काढला २००३ मध्ये, पण कथा ठेवली १९७३ सालीच. 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स'च्या २००६ च्या रीमेकमध्ये तर मुलीने फोनवर फार मिनिटे बोलल्याची शिक्षा म्हणून घरच्यांनी तिचा मोबाइलच काढून घेतला आहे. हसू येते, पण लेखकाची अगतिकता समजते. फक्त वेस क्रेव्हन यांनी 'स्क्रीम'मध्ये १९९६ सालीच शहाणपणा केला आणि फोनलाच हत्यार केले; मारेकरी फोनवर गोड बोलतो, कोडी घालतो, आणि एका मुलाच्या खिशातून मोबाइल पडला एवढ्यावरून संशय त्याच्यावर जातो.

माझी सूचना वेगळी आहे. रात्र सोडा. टोबी हूपर यांचा १९७४ चा मूळ 'टेक्सास' पाहिला असेल तर आठवेल की त्यातील बरेचसे भय भर दुपारच्या पांढऱ्या उन्हात आहे, आणि नाव एवढे भयंकर असूनही पडद्यावर रक्त फार कमी दिसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो, दुपारी बारा ते चार गल्लीत कुत्रेसुद्धा फिरकत नाही, दारे-खिडक्या बंद, कूलरच्या घरघरीत शेजारच्या घरातील किंकाळीही ऐकू जाणार नाही. आणि मुखवट्याचा प्रश्न तर आपोआप सुटतो. उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही सिग्नलवर उभे राहून पाहा: दुचाकीवरचा प्रत्येक माणूस, प्रत्येक मुलगी, डोळे सोडून सारा चेहरा रुमालाने नाही तर स्कार्फने गुंडाळून बसलेली असते. चेहरा झाकलेला माणूस पाठलाग करतो आहे, हे अशा गावात कळणार कोणाला आणि कसे?

सरकी

मी परभणीची, आणि लघुपटांसाठी ध्वनिमुद्रणाचे काम करते, त्यामुळे माझे लिहिणे कानाकडून येईल. निजामी घड्याळ यांची रुमालाची कल्पना मला फार आवडली. कूलरची त्याहूनही अधिक. कूलर हा आमच्या धंद्यातील शत्रू आहे, पण भयपटात तो सोबती होऊ शकतो, कारण तो सतत चालू असतो तोवर कान निश्चिंत असतात, आणि वीज गेली की घरात जी शांतता कोसळते तिचा आवाज कोणत्याही वाद्यमेळापेक्षा मोठा असतो.

'हॅलोवीन'च्या संगीताविषयी इथे कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. ते कारपेंटर यांनी स्वतः केले आहे. त्यांच्या वडिलांनी लहानपणी बोंगोवर पाच मात्रांचे चलन शिकवले होते, तेच त्यांनी पियानोवर बसवले. त्या चालीच्या दहा अर्धमात्रा मोजल्या तर ३-३-२-२ अशा पडतात. आपला झपतालही दहा मात्रांचा, पण २-३-२-३ असा. त्यात एक डौल आहे, समेवर परत येण्याचे आश्वासन आहे. कारपेंटर यांच्या चालीत पाऊल दरवेळी अर्धा क्षण लवकर पडते आणि कान लंगडत तिच्यामागे धावत राहतो. भजनात दादरा-केरवा ऐकून वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला ही अस्वस्थता का वाटते हे सांगता येणार नाही, पण वाटेल नक्की. सिंथेसायझरवर ती चाल पुन्हा वाजवण्यात मात्र काही अर्थ नाही. लंगडणारे पाऊल आपल्या आवाजांतून शोधावे लागेल: सायफनचे पाणी, पिठाच्या गिरणीचा पट्टा, एका चाकाला वंगण नसलेली गाडी.

रात्र पूर्णपणे सोडावी, हे मात्र पटत नाही. आमच्याकडे अनेक फीडरवर शेतीपंपाला थ्री फेज वीज अजूनही आठवड्यातील काही दिवस फक्त रात्रीच मिळते. हरभऱ्याला पाणी द्यायचे तर माणूस एकटा, बॅटरी घेऊन, थंडीत, अंधारात शेतात जातोच. परदेशी भयपटात पात्रे अंधारात एकटी का जातात, म्हणून प्रेक्षक त्यांना वेड्यात काढतो. आमच्या पात्राला जावेच लागते, कारण वीज अकराला येणार असते.

बालाघाट

बरेच दिवस नुसता वाचक होतो. हा धागा पाहून लिहावेसे वाटले. मी बीड जिल्ह्यातील डोंगरपट्ट्यातला. आई-वडील वीस-बावीस हंगाम ऊस तोडायला गेले, आणि मी आजीजवळ गावी राहिलो.

दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या की आमचे गाव कसे होते ते सांगतो, म्हणजे धागाकर्त्यांच्या दिव्याविषयी मला काय म्हणायचे आहे ते कळेल. वस्तीवरच्या दहा घरांपैकी सात घरांना कुलूप. उरलेल्या तिघांत म्हातारी माणसे, नाही तर आमच्यासारखी ठेवलेली लेकरे. रात्री आठला गाव संपून जायचे. बिबट्याची आवई उठली तर सहालाच. आष्टीकडे २०२० च्या अखेरीस बिबट्याने माणसे मारली तेव्हा लोक काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन घोळक्याने परसाकडे जात होते, हे मी स्वतः पाहिले आहे. असे गाव ही तुमच्या चित्रपटाची जागा आहे. रेंजचे नाटक करायची गरजच नाही: आजीच्या फोनचा रिचार्ज संपलेला असतो, आणि फोन लावला तरी आई-वडील तीनशे किलोमीटरवर कोणत्या तरी फडात मोळ्या बांधत असतात. पोरीने फोन करून सांगितले की घरात कोणी तरी शिरले आहे, तर आईने कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बसून काय करायचे? फोन लागतो, आवाज ऐकू येतो, आणि तरी काहीच होत नाही. माझ्या मते न लागणाऱ्या फोनपेक्षा हे भयंकर आहे.

आता दोन हरकती. पहिली कोयत्याची. धागाकर्त्यांनी उल्लेख केलेला नाही, पण मला खात्री आहे की संहितेत मारेकऱ्याच्या हातात कोयता आलेला असणार. पुण्याच्या बातम्यांत कोयता म्हणजे गुंडांची टोळी. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती एका कोयत्याला, आणि एकटा माणूस असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. 'टेक्सास'मधील मारेकरी कुटुंब कोण आहे, तर यंत्रे आल्यामुळे कत्तलखान्यातील काम सुटलेले लोक. शहरातून गाडी घेऊन येणाऱ्या पोरांच्या नजरेला गरीब खेड्यातला माणूस असाच दिसतो. ती नजर तुम्ही उचलू नये, एवढेच सांगणे आहे. कोयता दाखवायचाच तर त्या पोरीच्या हातात द्या.

दुसरी हरकत अधिक महत्त्वाची. अमेरिकेतल्या त्या वसाहतीत शेजारी दिवा मालवतो, कारण त्याला वाटते की सणाच्या रात्री पोरे थट्टा करीत असतील. तिथे कोणाला कोणाशी देणेघेणे नाही. आमच्या गावात असे होत नाही. हाक मारली तर माणसे धावून येतात, साप निघाला तरी पंधरा जण जमतात. आणि तरीही काही हाका अशा असतात की कोणी येत नाही. ओरडणारी कोण हे माहीत असते, आणि तिच्यामागे लागलेला कोण हेही माहीत असते. कोणाचा पोरगा, कोणाचा भाचा, कोणाच्या जिवावर उड्या मारतो, सगळे ठाऊक असते. अशा वेळी आतून एवढेच ऐकू येते: 'तू झोप, आपल्याला काय करायचंय.' तुमच्या शेजाऱ्याला मारेकरी अनोळखी आहे म्हणून तो दार उघडत नाही. आमच्या शेजाऱ्याला तो ओळखीचा आहे म्हणून.

गोदाकाठचा प्रेक्षक

बालाघाट दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री आमच्या बैठकीत मोठ्याने वाचला आणि नंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. कबूल करतो: संहितेच्या दुसऱ्या खर्ड्यात मारेकऱ्याच्या हातात कोयता होता, आणि तो आम्हाला अगदी 'आपल्या मातीतला' वाटून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली होती. तो आज काढला.

पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्याने माझ्या मूळ प्रतिपादनालाच धक्का बसला आहे, आणि त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. मुखवट्यामागचा माणूस सर्वांना ओळखीचा असेल तर 'जुने रीळ' काकांनी म्हटलेला तो चेहरा नसलेला आकार कुठे राहिला? कारण कळले की भय जाते हे त्यांचे म्हणणे, आणि कारण सर्वांना माहीत असणे हेच भय हे तुमचे. दोन्ही पटतात.

निजामी घड्याळ

दोन्ही एकदम खरे असू शकते. प्रेक्षकाला ठाऊक नाही, गावाला ठाऊक आहे. मुखवटा चित्रपटभर निघतच नाही. पण गावातील प्रत्येक म्हातारा त्याच्या चालीवरून त्याला ओळखतो आणि नाव घेत नाही. प्रेक्षक शेवटपर्यंत त्या नावाची वाट पाहत राहतो. माझे काव्यमय असल्याचे शेरे मागे घेतो.

कायदेशीर खवचट

संभाजीनगर खंडपीठात वकिली करतो म्हणून दोन कोरड्या गोष्टी सांगतो, मग तुमची चर्चा चालू द्या. 'रीमेक' हा शब्द जाहिरातीत वापरायचा असेल तर मूळ हक्कधारकाकडून हक्क विकत घ्यावे लागतील, आणि ते तुमच्या चौघांच्या शेतजमिनी विकूनही परवडणार नाहीत. परंतु कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती मांडण्याच्या विशिष्ट रीतीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केले, आणि योगायोग असा की तो निकालही १९७८ चाच. मुखवटा घातलेला मारेकरी, एक रात्र, वाचणारी मुलगी, दार न उघडणारा शेजारी, यांवर कोणाची मालकी नाही. संगीताची चाल मात्र उचलू नका. सरकीताईंनी तो मोह आधीच टाळलेला दिसतो.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन टप्पे झाले आहेत. रक्त कमी आणि भीती जास्त, असा चित्रपट झाला तर १६ वर्षांवरील यूए मागता येईल. सरसकट ए प्रमाणपत्र घेतले तर दूरचित्रवाणीवर दाखवताना पुन्हा खटाटोप करावा लागतो.

जुने रीळ

एक विषय सगळे टाळत आहेत, म्हणून मीच काढतो. मराठवाड्यात एकेक करून माणसे मारली जाण्याची गोष्ट सांगायची म्हटली की वयस्कर प्रेक्षकाच्या मनात पहिले नाव येते ते मानवतचे. १९७२ ते १९७४ या काळात, दुष्काळ चालू असताना, परभणी जिल्ह्यातील त्या गावात बायका आणि लहान मुलींचे जे खून झाले आणि ज्यांच्यामागे गुप्तधनासाठी दिलेल्या बळींचा आरोप होता, त्याने माझ्या लहानपणी अख्खा मुलूख सुन्न झाला होता. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी तपास केला. २०२४ साली त्यावर 'मानवत मर्डर्स' ही वेबमालिकाही येऊन गेली. लहानपणी आम्हाला संध्याकाळी घराबाहेर सोडत नसत ते भुताच्या भीतीने नाही, याच भीतीने.

तुमच्या चित्रपटात मांत्रिक, हंडा, पिंपळ यांपैकी काहीही आले तर प्रेक्षक लगेच तिकडे वळेल आणि तुमची गोष्ट ऐकायचीच थांबेल. शिवाय ज्यांच्या घरात ते घडले त्यांची माणसे हयात आहेत. करमणुकीसाठी तिकडे हात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाला 'तो का मारतो?' याचे उत्तर लागते, आणि निर्माता हटकून गुप्तधन पुढे करेल, म्हणून आधीच सावध केले.

सरकी

काकांशी पूर्ण सहमत. परभणीत आजही त्या विषयावर आवाज खाली आणून बोलतात.

मला राहिलेला मुद्दा त्या वाचणाऱ्या मुलीचा आहे. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ साली तिला 'फायनल गर्ल' हे नाव दिले आणि तेव्हापासून तिची चर्चा थांबलेली नाही. 'हॅलोवीन'वर मोठा आक्षेप असा की त्यात मौजमजा करणाऱ्या, प्रियकराला घरी बोलावणाऱ्या मुली मरतात आणि अभ्यासू, लाजरी मुलगी वाचते, म्हणजे चित्रपट मुलींना शिक्षा देतो. कारपेंटर यांनी हा अर्थ नाकारला आहे. ती मुलगी एकटी आणि सावध असल्याने तिचे लक्ष आजूबाजूला असते, एवढेच त्यांचे म्हणणे. ते खरे धरले तरी आपल्याकडे हा साचा जशास तसा आणला तर काय होईल याचा विचार करा. प्रियकराशी बोलणारी मुलगी मेली की आमच्या तालुक्याच्या चित्रपटगृहात मागच्या रांगेतून टाळी पडेल, आणि ती टाळी मारेकऱ्याला असेल. मला तो आवाज ध्वनिपट्टीत असल्यासारखा आत्ताच ऐकू येतो. आधुनिक प्रेक्षकासाठी काही बदलायचेच असेल तर मोबाइलच्या आधी हे बदला: कोण मरेल याचा मुलीच्या वागण्याशी काहीही संबंध ठेवू नका.

बालाघाट दादांनी पोरीच्या हातात कोयता द्या म्हटले, तिथेही माझी थोडी हरकत आहे. तो टाळ्यांचा प्रसंग होईल. मूळ चित्रपटात नायिका विणकामाची सुई वापरते, मग कपाटातील तारेचा हँगर सरळ करून तो मारेकऱ्याच्या डोळ्यात खुपसते. हाताला लागेल ते. तिला लढता येते म्हणून ती भयभीत करीत नाही, लढता येत नसताना लढते म्हणून करते. आपल्या मुलीच्या हाताशी काय असेल? उलथणे, उखळातील मुसळ, कंदिलाची काच.

बालाघाट

ताई, माझी बहीण नवव्या वर्षी मोळी बांधत होती आणि बाराव्या वर्षी तोडत होती. तिला कोयता हातात घेताना टाळ्या नको होत्या. तरी तुमचे म्हणणे समजले. मग असे करा: कोयता घरात आहे, भिंतीला अडकवलेला, प्रेक्षकाला सुरुवातीपासून दिसतो, आणि वेळ येते तेव्हा खिळा रिकामा असतो, कारण आई-वडील तो सोबत घेऊन गेलेले आहेत. हंगाम चालू असताना तो घरी राहीलच कसा?

गोदाकाठचा प्रेक्षक

तो रिकामा खिळा मी घेतला. पहिल्याच प्रसंगात सामान बांधताना वडील कोयता काढतात आणि भिंतीवर त्याच्या आकाराचा पांढुरका डाग राहतो, असे लिहून ठेवले आहे.

शेजाऱ्याच्या प्रसंगाचाही नवा खर्डा केला. मुलगी दार वाजवते. आत म्हातारा-म्हातारी जागे आहेत. दिवा लावायचा प्रश्नच नाही, वीज नाही. म्हातारी उठते, दारापर्यंत येते, कडीला हात लावते. मागून म्हाताऱ्याचा आवाज येतो. बालाघाट दादांनी लिहिलेलेच वाक्य ठेवले आहे. कॅमेरा आतच राहतो, दाराबाहेर काय होते ते दाखवत नाही. म्हातारीचा हात किती वेळ कडीवर ठेवायचा याविषयी आमच्यात वाद आहे. एक मित्र म्हणतो दहा सेकंद, माझ्या मते त्याहून बराच जास्त, प्रेक्षक खुर्चीत चुळबुळू लागेपर्यंत.

जुने रीळ

रीळ बदलायला आम्हाला एक मिनिट लागत असे. तेवढा वेळ ठेवून पाहा.

सरकी

मिनिटभर ठेवणार असाल तर त्या मिनिटात संगीत नको. आमच्या आजोळी सागवानी दाराला जुनी लोखंडी साखळी आहे. हात थरथरत असेल तर ती कोयंड्यावर अगदी बारीक वाजत राहते, लयीत नाही, पाऊल चुकल्यासारखी. येत्या रविवारी जाऊन नोंदवून आणते. हात मात्र खरोखरच म्हाताऱ्या बाईचा हवा, म्हणून आजीलाच दाराशी उभी करणार आहे. ती विचारेल बाहेर कोण आहे म्हणून, तेव्हा तिला काय सांगायचे ते तेवढे कळवा.